जीपच्या इंजिनाचं शुद्धिपत्र

मच्छीमार संस्थेच्या जीपचं इंजिन बाहेर निघालं तेव्हा माझी थोडी निराशाच झाली. इतकी वर्षं बॉनेटखाली घुरघुरणारी ती वस्तू मला अजस्र वाटायची. प्रत्यक्षात ती आमच्या घरच्या तांदळाच्या कोठीएवढीही नव्हती. नत्थूमिस्त्रींनी साखळीनं ते इंजिन वर उचललं, एका हातानं हळूच वळवलं आणि जुन्या टायरवर टेकवलं. मग फडक्यानं बोटं पुसत म्हणाले, "पाहून घे, समताबाई. एवढ्याशा जीवानं तुह्या आईले तलावोतलाव फिरवलं." मी बारावीची पुस्तकं घरी टाकून आले होते आणि सोबत एक वही आणली होती. ही वही पुढे मला फार महागात पडणार होती.

आमचं घर भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, महामार्गापासून दोन गल्ल्या आत. पुढच्या खोलीत बाबांचा छापखाना आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. छापखाना म्हणजे पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, अक्षरांच्या खिळ्यांनी भरलेल्या लाकडी केसेस आणि शाईचा वास. तोवर सगळीकडे कॉम्प्युटर आले होते. लग्नपत्रिकांची गिऱ्हाइकं भंडाऱ्याला जाऊ लागली होती, पण पत्रकं मात्र बाबांकडेच येत. विडी कामगारांची, अंगणवाडी सेविकांची, धरणात जमीन गेलेल्यांची. बाबा ती छापायच्या आधी वाचत, दुरुस्त करत, कधीकधी नव्यानं लिहूनच देत. मी वाचायला शिकले ती खिळ्यांवर, म्हणजे उलट्या अक्षरांवर. शाळेत बाईंनी फळ्यावर पहिला 'क' काढला तेव्हा तो मला चुकीच्या बाजूला वळलेला वाटला आणि मी तसं भर वर्गात सांगितलंही. डब्यातली पोळी बिघडलेल्या पत्रकात गुंडाळलेली असायची. तेलानं पारदर्शक झालेल्या कागदावर मागण्या वाचता वाचता मी जेवायची, आणि मागणी क्रमांक तीन बहुतेक वेळा लोणच्यानं खाल्लेली असायची. त्यामुळे जगात प्रत्येक गोष्टीला एक शत्रू असतो, एक मागणी असते आणि शेवटी एक उद्गारचिन्ह असतं, असा माझा लहानपणापासूनचा समज. तो अजून पूर्ण गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

मागच्या खोलीत आईचा आवाज असायचा, म्हणजे आईच्या कामाचा. वाळलेले झिंगे तव्यावर भाजल्याचा चर्र आवाज, मग पाट्यावर लसूण-मिरचीबरोबर ते वाटल्याचा खरखराट. पुढे ट्रेडलचा 'खटक-धप, खटक-धप' चाललेला आणि मागे पाटा. लाखोळीच्या डाळीचं वरण, भात आणि ती चटणी एवढं झालं की बाबा शाईच्या हातानं आत डोकावत. आई म्हणायची, "आंधी हात धुवा. काल भातावर तुमचा मजकूर उमटला होता." आई स्वतः कमी बोलायची आणि बोललीच तर खालच्या पट्टीत. ओरडणं तिला जमतच नसे. मला हाक मारायची असली तरी ती उठून माझ्यापर्यंत यायची आणि मग हाक मारायची.

तरीही मच्छीमार संस्थेच्या भोंग्यावर आवाज आईचाच असायचा. आईचं माहेर कोंढ्याकडचं, ढिवरांचं. तिथल्या तलावावर आसपासच्या टोल्यांमधली, म्हणजे वस्त्यांमधली, ढिवर कुटुंबं मासेमारी करायची आणि त्यांच्या संस्थेची आई उपाध्यक्ष होती. संस्थेनं कधीकाळी सरकारी लिलावातून घेतलेली एक पेट्रोल जीप होती. छत कापडी, दारं नाहीत, रंग कोणता होता यावर म्हाताऱ्यांमध्ये वाद. एरवी ती मासोळीच्या पेट्या वाहायची. पण सभा आली की तिच्यावर भोंगा बांधला जाई आणि ती टोल्याटोल्यांतून फिरे. तिची एक रीत होती. सभेची हाक देताना जीप थांबायची नाही आणि धावायचीही नाही, माणसाच्या चालीनं चालायची. आई पुढच्या सीटवर माइक धरून गप्पा मारल्यासारखी बोलायची, "लक्ष्मीबाई, तुमचं नाव यादीत हाये. झाडाखाली बसले ते भाऊ, तुमी बी या जी." ज्याला ऐकू येई तो घरातून निघून जीपच्या बाजूनं चालू लागे, चालता चालता प्रश्न विचारी, आई उत्तर देई आणि ते उत्तर भोंग्यातून सगळ्या टोलीला कळे. मी पुढे पुष्कळ सभा पाहिल्या, मोठमोठे मंच पाहिले. त्या चालत्या जीपसारखी सभा मला पुन्हा दिसली नाही.

त्या वर्षी जीपनं दम सोडला. निळा धूर काढायची, ऑइल प्यायची, आणि तलावाच्या पाळीवर चढताना अर्ध्यात थांबून मागे घरंगळायची. नेमकं त्याच वर्षी धानाची कापणी आटोपल्यावर संस्थेची विशेष सभा होती. तलावात संस्थेनं स्वतः मासेमारी करायची की तलाव बाहेरच्या ठेकेदाराला पोटठेक्यानं द्यायचा, हे तिथे ठरणार होतं. सचिव आणि त्याची चारसहा माणसं ठेकेदाराच्या बाजूनं होती. नियम असा की, पुरेसे सभासद आले नाहीत तर सभा अर्धा तास तहकूब होते, आणि तहकूब सभेत जे असतील त्यांनी ठरवलेलं चालतं. म्हणजे लोक घरी राहिले तर तलाव गेला. माणसं जमवायची ती जीपनंच, आणि जीप नत्थूमिस्त्रींच्या शेडमध्ये उघडी पडलेली.

नत्थूमिस्त्री ढिवरच. तरुणपणी डोंग्यावर, म्हणजे होडीवर, बसायचं सोडून ट्रक दुरुस्त करायला शिकले, म्हणून टोलीत त्यांना 'कोरडा ढिवर' म्हणत. महामार्गाच्या कडेला पत्र्याची शेड, पुढे ट्रकांची रांग. माझ्या प्रश्नांचा त्यांना कधी कंटाळा आला नाही. पिस्टन कुठे असतो, तो पुन्हा वर कसा येतो, आत आग लागते तर पेट का घेत नाही, सगळं त्यांनी हातात देऊन दाखवलं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नख फिरवायला लावलं. वरच्या बाजूला नख एका काठावर अडकलं. "तेवढी झिजली भित. पिस्टन जिथंवर जाते तिथंवर खाल्लं त्यानं. आता दाब राह्यते कुठं?" मला तो काठ पुन्हापुन्हा चाचपावासा वाटे. इतक्या वर्षांची ये-जा, आणि तिची खूण म्हणून नखाला लागेल एवढी पायरी. आणखी एक गोष्ट ते करत, जी मी पाहतच राहायची. चालू इंजिनाला पेचकसाचं टोक लावायचे आणि मूठ कानाला. डोळे मिटून पाचदहा ठिकाणी ऐकायचे. मग बोट ठेवून सांगायचे, "इथं दुखून राह्यलं."

जीपसाठी त्यांनी तीन वाटा सांगितल्या आणि मी त्या वहीत उतरवल्या. पहिली वाट म्हणजे जुनंच इंजिन नीट करायचं. सिलिंडर घासून मोठे करायचे, त्या मापाचे पिस्टन आणि नव्या रिंगा घालायच्या, हेड थोडं घासून दाब वाढवायचा. दुसरी, भंगारात गेलेल्या एखाद्या मोटारीचं नव्या पद्धतीचं पेट्रोल इंजिन बसवायचं. ते हलकं आणि कागदावर ताकद दुप्पट. तिसरी, एका मोडीत निघालेल्या गाडीचं डिझेल इंजिन त्यांच्या नजरेत होतं, ते बसवायचं.

"दुप्पट ताकद असेल तर दुसरंच बरं नाही का?" मी विचारलं.

"ताकद हाये, पन ते जोरात पऱ्हाले लागलं का मिळते. घोडा होये तो. आपली जीप चालते मानसाच्या चालीनं. चिखलनीले धानाच्या बांधीत घोडा नेते का कोनी?"

"हल्या नेतात," मी म्हटलं. रेड्याला आमच्याकडे हल्या म्हणतात.

"मंग! हल्या पाह्यजे. दम खालून आला पाह्यजे. डिझेल हल्या होये, जवान. पाळीवर चढन, पेट्या वाहान, तेल बी कमी पेन."

मी भराभर लिहून घेतलं. माझं तिथल्या तिथे ठरलंच होतं. मिस्त्री मात्र त्या जुन्या इंजिनावर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "हे बी हल्याच होये, म्हातारा. पन याचे व्हॉल्व बाजूले हायेत, डोक्यावर ठकठक नाई. शांत मशीन. हे दुसऱ्याले बोलू देते. डिझेल सोताच बोलते." मी तेही लिहिलं. वहीच्या त्या पानावर, अगदी खाली, ते वाक्य अजून आहे.

इंजिन कोणतं हे संस्थेच्या बैठकीत हात वर करून ठरणार होतं, आणि सगळ्यांना तिन्ही वाटा कळाव्यात म्हणून बाबांनी मला एक पत्रक लिहायला सांगितलं. माझं पहिलं पत्रक! मी त्याला नाव दिलं 'इंजिन कोणाचे?'. तीन वाटांची माहिती पहिल्या चार ओळींत संपली आणि पुढे मी उधळले. पेट्रोल हे हिंडणाऱ्यांचं इंधन, डिझेल हे राबणाऱ्यांचं. नांगरणी डिझेलवर, पंप डिझेलवर, माल वाहणारा ट्रक डिझेलवर. मग कष्टकऱ्यांच्या जीपनं साहेबांचं पाणी का प्यावं? असं बरंच. मिस्त्रींचं हल्याचं बोलणं घेतलं. शांत मशीनचं वाक्य घेतलं नाही. विसरले म्हणावं तर तसंही नाही. वही शेजारीच उघडी होती. ते वाक्य घातलं तर माझ्या शेवटच्या परिच्छेदाची धार जाते, असं मला वाटलं आणि मी पान उलटलं. बाबांनी मजकूर वाचला, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि भुवया उंचावून म्हणाले, "भाषा तेज आहे. माहिती पूर्ण आहे ना?" मी म्हटलं, "हो."

बैठकीत आठदहा सोडून सगळे हात डिझेलसाठी वर झाले. मिस्त्री मागे भिंतीला टेकून बसले होते. त्यांचा हात कशासाठीच वर झाला नाही, हे मी पाहिलं आणि ते त्यांच्या मितभाषी स्वभावावर ढकललं.

डिझेल इंजिन बसवणं ही सोपी गोष्ट नव्हती. ते जड, लांब आणि जुन्या बैठकीत न मावणारं. मिस्त्रींनी चेसिसवर नव्या पट्ट्या जोडल्या, खाली रबराचे ठोकळे दिले, रेडिएटर पुढे सरकवला, गिअरबॉक्सशी जुळवणारी जाड तबकडी भंडाऱ्याहून लेथवर करून आणली. जुन्या डायनामोऐवजी अल्टरनेटर आला, म्हणजे भोंग्याला बॅटरी कमी पडणार नव्हती. मी रोज शाळा सुटली की तिथेच. पहिल्यांदा ते सुरू झालं तेव्हा शेडचे पत्रे थरथरले, खिळ्याला टांगलेले पाने किणकिणले आणि मी टाळ्या पिटल्या. जीप तलावाच्या पाळीवर अशी चढली की काठावरच्या म्हाताऱ्यांनी जाळी सोडून पाहिलं. मला वाटलं, माझं पत्रक चढतंय.

सभेला चार दिवस असताना आम्ही पहिल्या टोलीत गेलो. मिस्त्री गाडी चालवत होते, शेजारी आई माइक घेऊन, मागे बाबा आणि पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी. टोलीच्या तोंडाशी जीप माणसाच्या चालीवर आली आणि आई बोलू लागली. मला पाठीमागे बसून तिचं एक अक्षर कळेना. इंजिनाची धडधड, पत्र्यांचा खडखडाट आणि त्याच्या तळाशी कुठेतरी गुणगुणल्यासारखी आई. बाबांनी ॲम्प्लिफायरचा कान पिळला तर भोंगा शिट्टी मारू लागला. तरीही लोक बाहेर आले, दारोदारी बाया दिसल्या. मी हरखून आईच्या खांद्याला हात लावला. मग नीट पाहिलं. एकीच्या डोक्यावर धानाचं पोतं होतं. दुसरीनं दोघींना लावून पोतं ओढत अंगणात आणलं होतं. तिसरी टोपलं हलवत ओरडत होती, "इकडं, इकडं! आंधी आमचं भरडा!"

आमच्या भागात कापणीनंतर धान भरडायचं यंत्र ट्रॅक्टरवर घेऊन माणसं गावोगाव फिरतात. डिझेलची धडधड ऐकली की बायांना कळतं, भरडाईवाला आला. त्यांना तेच कळलं होतं. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. त्या शांततेत एक म्हातारी जीपभोवती चक्कर मारून आली आणि आईला म्हणाली, "काहून वो, तू भरडाईचा धंदा कराले लागली का? मशीन कुठं हाये?"

"सभा हाये, मावशी. तलावाची."

"मंग तसं सांगत काहून नाई? मी पोतं उचललं ना, कंबर गेली माही!"

सगळी टोली हसली. आईसुद्धा हसली. आणि पोती घेऊन सगळ्या घरात गेल्या, कारण भरडाईवाला नाही तर थांबायचं कशाला. पुढच्या टोलीत तेच झालं. तिसरीत तर एकानं विचारलं, किलोमागे किती घेता.

परत येताना शिंगाड्याच्या बोडीपाशी, त्या लहानशा तळ्याच्या काठी, आम्ही उतरलो. आईनं डबा सोडला, पण कुणी जेवेना. आईनं मिस्त्रींना तिच्या त्या खालच्या आवाजात विचारलं, "नत्थूभाऊ, तुमाले हे आंधी समजलं नवतं का जी?" मिस्त्री पाण्याकडे पाहत राहिले. ते माझ्याकडे पाहत नव्हते, म्हणून मला बोलावं लागलं. "यांनी मला सांगितलं होतं," मी म्हटलं. "माझ्या वहीत आहे. मी पत्रकात घातलं नाही."

बाबांनी एवढंच विचारलं, "का?"

"धार जात होती."

मग मी मिस्त्रींकडे वळले, खरं तर रागानंच. "पण काका, तुम्ही बैठकीत का नाही बोललात? तुम्ही होतात ना तिथे!"

"छापून आलं होतं ना, बाई," ते म्हणाले. "मले वाटलं, इचार करूनच सोडलं असन. छापलेल्यापुढं माह्यं तोंड काय चालते?"

आयुष्यभर मी लोकांना सांगत आले आहे की बोला, विचारा, कागदाला घाबरू नका. तेही छापूनच. त्या दिवशी एका माणसाला गप्प करणारा कागद मी स्वतः लिहिला होता. 

आमच्या छापखान्याचा एक कायदा होता. चूक ज्या टायपात, दुरुस्ती त्याच टायपात. चूक जितक्या हातात गेली, दुरुस्ती तितक्याच हातात गेली पाहिजे. एकदा विडी कामगारांच्या पत्रकात एका बाईचं नाव चुकलं होतं, तर बाबांनी सगळी शुद्धिपत्रं वाटायला स्वतः सायकल काढली होती. बोडीवरून घरी आल्यावर त्यांनी मोठ्या टायपाची केस माझ्यापुढे ओढली, हातात जुळणीची पट्टी दिली आणि ट्रेडलला तेल घालायला गेले. मी एकेक खिळा वेचून ओळ जुळवली, 'इंजिन कोणाचे? या पत्रकाचे शुद्धिपत्र'. खाली लिहिलं की नत्थूमिस्त्रींनी आवाजाची सूचना आधीच दिली होती, पत्रक लिहिणारीनं ती जाणूनबुजून वगळली, चूक तिची आहे. आणि मग, माझं रक्तच तसलं, मी आणखी दोन ओळी घातल्या. डिझेल इंजिन हे उद्दाम इंजिन आहे, जनतेचा आवाज दाबणारं आहे, त्यावर विसंबणं हीच मुळात चूक होती, वगैरे. आईनं ओला कागद दोरीवरून उतरवून वाचला आणि म्हणाली, "शेवट थोडा वाढला." पण गठ्ठा छापून झाला होता.

आता उरले तीन दिवस. जुनं इंजिन शेडमध्ये सुटं पडलेलं, ते जोडायला आठवडा हवा होता. बाबांनी सायकलनं फिरायचं सुचवलं. मिस्त्री म्हणाले, "भोंगा बॅटरीवर चालते. बॅटरी अल्टरनेटरनं टच्च भरली हाये. इंजिन कायले पाह्यजे?" दुसऱ्या दिवशी टोलीच्या तोंडाशी त्यांनी इंजिन बंद केलं, गिअर काढला, खाली उतरले, एका हातानं स्टिअरिंग धरलं आणि खांदा लावला. आम्ही मागून लावला. आणि आईचा आवाज भोंग्यातून निघाला. स्वच्छ, घरातल्यासारखा. "लक्ष्मीबाई, तुमचं नाव यादीत हाये."

डिझेलनं जड झालेली ती जीप ढकलताना जीव जात होता. पण बंद पडलेली गाडी दिसली आणि आमच्याकडचा माणूस गप्प बसला, असं होत नाही. आधी पोरं आली, मग बापे आले. "अवजी, नवीनच इंजिन टाकलं ना? एवढ्यात मेलं?" "हात लाव आंधी, मंग बोल!" चिखलाच्या जागी तर बायांनी पदर खोचले. ढकलता ढकलता लोक विचारत, आई भोंग्यातून उत्तरं देई, आणि मी घामेजल्या हातांनी प्रत्येकाला शुद्धिपत्र देत होते. काही जणांनी ते तिथेच वाचलं आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. एक जण म्हणाला, "चूक केली तूच अन ढकलाले आमी?" मी म्हटलं, "हो, काका." तो हसला आणि त्यानं पुन्हा खांदा लावला. आम्ही एका टोलीतून निघालो की तिथले काही जण पुढच्या टोलीपर्यंत तसेच ढकलत येत.

सभेच्या दिवशी जीप अशीच माणसांच्या खांद्यावरून सभेच्या वडापर्यंत आली. सचिवानं हजेरीचं पुस्तक दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजू लागला तेव्हा कुणीतरी ओरडलं, "आता आमाले काय तोंडपाठ करतं का?" सभेची गणसंख्या भरली होती. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण माणसं आली म्हणजे बोलतीलच असं नाही. सचिवानं ठेकेदाराला तलाव देण्याचा ठराव वाचायला घेतला. भंडाऱ्याहून टाइप करून आणलेला, शिक्का मारलेला. संस्थेजवळ भांडवल नाही, मासोळी वाहण्याचे साधन नाही, सबब... वाचून झालं. सगळे मान खाली घालून बसले. आईनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. छापलेल्या कागदाची ती शांतता मला आता ओळखीची झाली होती.

मागून नत्थूमिस्त्री उठले. त्यांच्या हातात काळ्या बोटांचे ठसे उमटलेलं माझं शुद्धिपत्र होतं.

"मले दोन गोष्टी बोलाच्या हायेत," ते म्हणाले. "ह्या पोरीनं छापून सांगतलं का छापलेल्यात चूक असते. मंग मी हा बी कागद वाचला. वाचाले मले दोन दिवस लागले. याच्यात बी एक चूक हाये."

माझे कान तापले.

"इथं लिवलं हाये, डिझेल उद्दाम हाये. डिझेलची काई चूक नाई. ते चांगलं मशीन होये. त्याले काम चुकीचं देल्लं, आमीच देल्लं. तेवढं सुधरव, बाई." मग त्यांनी तो कागद खिशात ठेवला आणि सचिवाच्या टेबलाकडे बोट केलं. "दुसरी गोष्ट. तुमच्या बी कागदात एक चूक हाये, सचिवसाहेब. लिवलं हाये का संस्थेजवळ मासोळी वाह्याचं साधन नाई. मंग ते बाहेर उभं हाये ते काय हाये?"

"ते?" सचिव हसला. "ते तर तुम्ही ढकलत आणलं!"

"ढकलत आनलं, पन आनलं ना? इंजिन चालू हाये. बोलाले भेटावं म्हून बंद ठेवलं. चालू करून दाखवू का?"

आणि कुणी नको म्हणायच्या आत ते बाहेर गेले. त्या जवान हल्यानं एका किल्लीत जी गर्जना केली, तिनं वडावरचे बगळे उडाले. सचिवाचे ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं. लोक हसता हसता उभे राहिले. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं तेव्हा दहाबारा जण एकदम बोलायला लागले होते. भांडवलाचं काय, पेट्या किती आहेत, जाळी कोण देणार, कागदावर हे आधी कोणाला विचारून लिहिलं. संध्याकाळ होण्याआधी हात वर झाले. तलाव संस्थेकडे राहिला.

पुढे मिस्त्रींनी सवडीनं जुनं इंजिन जोडलं. मोठे केलेले सिलिंडर, नवे पिस्टन, थोडं घासलेलं हेड, आणि अल्टरनेटर तसाच ठेवला. पाळीवर ते रडतखडत चढतं, पण चढतं. डिझेल इंजिन आईच्या माहेरच्या बचत गटानं भरडाईच्या यंत्रावर बसवलं. त्याची धडधड ऐकून आता बाया पोती घेऊन निघतात, आणि बरोबरच निघतात.

सभेहून आलो त्या संध्याकाळी मला वाटत होतं की झालं, सुटले. बाबांनी हातपाय धुतले, चटणी-भात खाल्ला आणि केस पुन्हा माझ्यापुढे ओढली. "आधीच्या ओळींचे खिळे अजून मोकळे केले नाहीत ना?" ते म्हणाले. मी 'शुद्धिपत्राचे शुद्धिपत्र' जुळवायला बसले. डिझेल इंजिनात कोणताही दोष नाही, एवढंच एक वाक्य. त्याच टायपात, तेवढ्याच प्रती. शेवटी सवयीनं मी उद्गारचिन्हाचा खिळा उचलला, थोडा वेळ बोटांत फिरवला, आणि परत त्याच्या खणात टाकून पूर्णविराम घेतला. त्यातली एक प्रत मिस्त्रींनी जीपच्या बॉनेटला आतून चिकटवली. ऑइलनं ती पारदर्शक झाली आहे, पण बॉनेट उघडलं की अजून वाचता येते.